जुना माल परत

बाभुळगावचे आमचे काकाजी स्टिअरिंगमागे बसले की त्यांच्याइतका भाविक माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. समोरून येणारा ट्रक आपल्यासाठी बाजूला सरकेल, ही त्यांची श्रद्धा. वळणापलीकडे कोणी नसेल, ही श्रद्धा. रस्त्याच्या कडेला उभी असलेली बकरी उभीच राहील आणि मधोमध बसलेलं कुत्रं वेळेवर उठेल, यावर तर त्यांचा इतका भरवसा की तेवढा त्या बकरीचाही स्वतःवर नसेल. हेच काकाजी गाडीतून उतरून गॅरेजच्या दारात उभे राहिले की पक्के नास्तिक होतात. मिस्त्रीने वायसर बदलला म्हटलं तर म्हणतात, जुना दाखव. दाखवला तर म्हणतात, हा आमच्याच गाडीतला कशावरून?

अनोळखी ट्रकवाल्याच्या हाती जीव सोपवताना ज्याची पापणी हलत नाही, त्याला ओळखीच्या मिस्त्रीच्या हाती वीस रुपयांचं गॅस्केट सोपवायचं म्हटलं की रात्रभर झोप लागत नाही. असे काकाजी प्रत्येक तालुक्याच्या गावी एक-दोन असतातच. आमच्याकडचा नमुना जरा जास्त मेहनतीने घडलेला आहे, इतकंच.

ती मेहनत नोकरीची. काकाजींची सगळी हयात एका कचेरीत बिलं तपासायच्या टेबलावर गेली. न पडलेल्या मुरमाची, न जगलेल्या रोपांची आणि न झालेल्या दौऱ्यांतल्या चहापाण्याची बिलं त्यांच्या नजरेखालून गेली. त्यांनी स्वतः कधी कोणाचे पाच पैसे खाल्ले नाहीत, हे गाव शपथेवर सांगतं; पण खाणाऱ्याचं ताट कसं वाढलं जातं, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यामुळे छापील बिल दिसलं की त्यांना त्यातली गफलत दिसते, आणि बिल न देणारा दिसला की बिल न देण्यामागचा डाव. असा माणूस गाडी घेतो तेव्हा त्याच्यासमोर दोनच मार्ग उरतात. एक, गाडी बिघडूच द्यायची नाही. दुसरा, स्वतः मिस्त्री व्हायचं. काकाजींनी तिसरा काढला. त्यांनी पाळत ठेवायला सुरुवात केली.

गाडी मारुती ८००. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत स्कूटरवर चौघंचौघं बसणाऱ्या किती घरांच्या डोक्यावर तिने पत्रा दिला, त्याला गणती नाही. काकाजींची गाडी त्यातल्या कार्बोरेटरच्या जमान्यातली, एमएच २९ पासिंगची, एका डॉक्टरांकडून घेतलेली. डॉक्टरांची गाडी म्हणजे निगेतली, असा हिशेब होता. मूळचा रंग पांढरा. आता तो आमच्या काळ्या मातीशी तडजोड करून राहतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. काकाजींनी ती नियमाने वाढवून घेतलेली आहे. “माही मुदत कोणी वाढवून देत नाई,” ते म्हणतात, “गाडीची तरी भेटते.”

गॅरेजात गाडी न्यायची तर आदल्या रात्रीच तयारी सुरू होते. काकाजी काकूंची नेलपॉलिश घेऊन टॉर्चच्या उजेडात बॉनेटमध्ये वाकतात. बॅटरीवर एक ठिपका, कॉइलवर एक, कार्बोरेटरवर, रेडिएटरच्या झाकणावर, डायनामोवर, चारही चाकांच्या आतल्या बाजूला, जॅकवर, स्टेपनीवर, एवढंच काय, नव्या ऑइल फिल्टरवरही एक. माल बदलला गेला तर ओळखू यावा म्हणून. बॉनेट उघडलं की गाडी गोवर निघाल्यासारखी दिसते. काकूंनी नेलपॉलिश लावणं केव्हाच सोडलं आहे, पण बाटली दरवर्षी नवी येते.

दुसरा नियम जुन्या मालाचा. नवा पार्ट बसला की जुना परत मिळाला पाहिजे. हा नियम तसा शहाणपणाचा आहे. कोणीही जाणता माणूस हेच सांगेल, कारण जुना पार्ट हातात आला म्हणजे निदान तो बदलला एवढं तरी कळतं. फरक एवढाच की इतर लोक तो पाहतात आणि टाकून देतात. काकाजी पुरावा म्हणून जपतात. झिजलेले ब्रेकशू, काळे पडलेले प्लग, तडकलेला फॅनबेल्ट, डिस्ट्रिब्युटरची कॅप, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेले ऑइल फिल्टर, असा सगळा ऐवज खताच्या एका रिकाम्या चुंगडीत भरून ती चुंगडी ड्रायव्हरच्या सीटखाली. घरी ठेवला तर काकू भंगारवाल्याला देऊन त्याच्याकडून लसूण घेतात, असा अनुभव आहे.

दर वेळी गॅरेजात पोहोचल्यावर काकाजी आधी चुंगडी काढून काखेत मारतात, मग किल्ली देतात. निघताना मोजदाद. एकदा मोजदादीत एक ऑइल फिल्टर कमी भरला. यवतमाळच्या ज्या गॅरेजात हे घडलं तिथला मिस्त्री आधी हसला, मग चिडला आणि शेवटी हात जोडून म्हणाला, “काकाजी, वापरलेला फिल्टर चोरून मी काय करू?” काकाजी म्हणाले, “धुवून विकता तुमी.” एवढ्यावर ते संबंध संपले. त्या मिस्त्रीचं नाव निघालं की काकाजी अजूनही ‘फिल्टरचोर’ एवढंच म्हणतात. ही गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

आता रस्ता. यवतमाळ उंचावर वसलेलं आहे, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. बाभुळगाव त्याच्या खाली, बेंबळेच्या खोऱ्यात. तिथून तसंच पुढे गेलं की अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव रेल्वे. म्हणजे यवतमाळला जाताना चढ, येताना उतार, आणि उतार म्हटलं की काकाजींच्या अंगात काटकसर संचारते. उतार लागला की ते गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. “पेट्रोल नाई लागत,” म्हणतात. खरं तर न्यूट्रलमध्येही इंजिन चालूच असतं आणि पेट्रोल पीतच असतं. गाडी गिअरमध्ये असली की उतारावर इंजिनच तिला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापतात. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर पंचाईत, कारण ते ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. तापल्यावर त्यात वाफ धरते आणि ऐनवेळी पेडल भुसभुशीत होऊन तळाला जातं. हे सगळं मी काकाजींना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे तुमाले कोण्या मिस्त्रीनं सांगतलं?”

रस्त्याचेही ऋतू असतात. पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्या पोटावर अंथरलेल्या डांबरालाही लाटा येतात. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी डुलते. दसऱ्याच्या पुढेमागे सोयाबीन निघतं आणि रस्त्याची एक बाजू खळं होऊन बसते. दिवाळीनंतर कापूस. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हातभर फुगलेला, मागचा लाल दिवा कापसात बुडालेला, आणि वर निवांत झोपलेला एक माणूस. रात्री वावरातून रोही येतात. पहिला रोही गेला म्हणून गाडी काढू नये, मागून दुसरा येतोच, हे आमच्याकडचं लहान पोरही सांगतं. काकाजींचं मत वेगळं. “आपण हॉर्न देल्ला ना, मंग पुढची जबाबदारी त्याची.” समोरच्या गाडीने डिप्पर दिला तर काकाजी अप्पर मारतात. त्याला दिसलं पाहिजे ना आपण आहोत म्हणून!

एकदा ते समृद्धी महामार्गावरही जाऊन आले. नागपूर ते शिर्डी हा टप्पा २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि तो आमच्या शेजारून, धामणगाव तालुक्यातून जातो, तेव्हा मान राखणं आलंच. ताशी १२० किलोमीटरची परवानगी असलेल्या त्या काँक्रीटवर काकाजी पंचेचाळीसने गेले, तेही अगदी उजव्या लेनमधून, कारण डावीकडून ट्रक जातात आणि ट्रकांची भीती वाटते. मागून येणारे हॉर्न वाजवत होते, दिवे मारत होते, खिडकीतून हात काढून काहीबाही सांगत होते. परत आल्यावर काकाजी म्हणाले, “लोकं भल्ले चांगले हायेत तिकडचे. जो तो रामराम करते.”

तर फिल्टरच्या भांडणानंतर थोड्याच दिवसांनी काकाजींच्या ब्रेकला एक विचित्र दुखणं जडलं. नेहमीच्या दुखण्यात पेडल मऊ लागतं, खाली जातं. यांचं उलट. पेडल अर्ध्यात जाऊन टणक लागे, जणू खाली कोणी हात धरला आहे. नेहमी नव्हे, मधूनच. काकाजी घाबरले नाहीत. रस्त्यावर घाबरायचं नसतंच. त्यांनी हँडब्रेक ओढायची सवय लावून घेतली आणि मिस्त्री शोधायला निघाले.

यवतमाळच्या गॅरेजांतली त्यांची यात्रा मोठी आहे. मी ती आटोपती घेतो. पहिल्याने ऐकून घेण्याआधीच सांगितलं, मास्टर सिलिंडर गेला. सिलिंडर बदलला, काकाजी तीन तास स्टुलावर बसून पाहत होते आणि मिस्त्रीने पाना बदलला की वहीत लिहून घेत होते. दुसऱ्याने कॅलिपरवर नेम धरला. तिसऱ्याने रबरी पाइप आतून फुगले म्हणून काढले. हे सगळे लबाड होते असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून ‘काय झालं, काय झालं’ विचारत असेल, तर मिस्त्रीला काहीतरी झालं असं सांगावंच लागतं. आणि एकदा सांगितलं की बदलावंही लागतं. चौथा मात्र खरा कसबी. त्याने गाडीकडे पाहिलंच नाही, काकाजींकडे पाहिलं आणि म्हणाला, “इकून टाका. माह्याजोळ गिऱ्हाईक आहे.” काकाजींना चौघांत तोच सगळ्यात कमी खोटा वाटला, कारण त्याचा डाव उघड होता.

गंमत अशी की गॅरेजच्या अंगणात गाडी उभी असली की ब्रेक एकदम सरळ. मिस्त्री पाय देई, ब्रेक लागे. काकाजी पाय देत, ब्रेक लागे. पैसे देऊन, जुना माल चुंगडीत घालून, चुंगडी सीटखाली सारून काकाजी निघत, आणि बाभुळगावच्या वाटेवर कुठेतरी पेडल पुन्हा टणक. “गाडीले समजते,” ते म्हणत, “का आता मिस्त्री पाहून नाई राह्यला.”

अशाच एका संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. दसरा नुकताच होऊन गेलेला, माझी यष्टी चुकलेली, आणि काकाजींनी बसस्टँडसमोर गाडी थांबवून दार उघडलं, म्हणजे नाही म्हणायची सोय नव्हती. मागे वाणसामान होतं, कणकेचं पोतं होतं. काकाजी न्यूट्रलमध्ये उतरत होते आणि मिस्त्री जातीच्या अधःपतनावर बोलत होते. पुढे रस्त्याच्या अर्ध्या भागावर सोयाबीन पसरलेलं, कडेला थ्रेशर, थ्रेशरच्या पलीकडे कुटाराचा ढीग, आणि उरलेल्या अर्ध्या भागावर समोरून येणारी ट्रॉली. काकाजींनी हॉर्न दिला. जबाबदारी ट्रॉलीची झाली. ट्रॉलीला ती मान्य नव्हती. तेव्हा काकाजींनी ब्रेकवर पाय दिला आणि अगदी सहज म्हणाले, “पाहा, हे असंच होते.”

जे पाहायचं ते मी डोळे मिटून पाहिलं. सोयाबीनच्या वाळल्या शेंगांवर चाकं घसरली, त्यांच्याखाली एकाच वेळी हजार फटाके फुटावेत तसा आवाज झाला, हँडब्रेक किंचाळला आणि गाडी वाकडी होत होत कुटारात बॉनेटपर्यंत शिरून थांबली. काचेवर भुसाच भुसा. बाहेर कोणीतरी पळत आल्याचा आवाज. मी काच खाली केली. शेतमालक होता. त्याने आम्हाला न्याहाळलं, सोयाबीनवर उमटलेल्या चाकांच्या दोन लांब पट्ट्यांकडे पाहिलं, आणि म्हणाला, “काकाजी, आलेच आहा तं दोन चक्कर अजून मारा. या बाजूच्या शेंगा राह्यल्या फुटाच्या.”

गाडी ढकलून बाहेर काढताना त्यानेच सुचवलं. “आमच्या थ्रेशरच्या मिस्त्रीले दाखवा ना. धामणगाव रोडवर बसते, निंबाखाली.”

काकाजी ऐकायला तयार नव्हते. गावातल्या मिस्त्रीकडे न जाण्यामागे त्यांचं एक तत्त्व होतं. यवतमाळच्या माणसाने फसवलं तर त्याच्याशी भांडून गॅरेज बदलता येतं. गावातल्याने फसवलं तर भांडूनही त्याच्याच पोराच्या लग्नात जेवायला जावं लागतं. पण पैसेही संपत आले होते आणि गॅरेजंही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निंबाखाली गेलो.

त्या मिस्त्रीला पाटी नाही. एक टायर टांगलेला आहे, तीच पाटी. ट्रॅक्टर, थ्रेशर, पाण्याचे पंप, जुन्या जीपा असं काहीही तो दुरुस्त करतो. पण नवी, कॉम्प्युटरवाली गाडी आली की लांबूनच हात हलवतो. “मले नाई समजत हे. यवतमाळले न्या.” ज्याला आपल्याला काय येत नाही हे सांगता येतं, त्याच्या हाती गाडी द्यायला माझी हरकत नसते. शिवाय तो पार्ट विकत नाही. चिठ्ठीवर लिहून देतो, तुम्हीच दुकानातून आणा. काकाजींना हे पाहून जरा अस्वस्थच वाटलं. पार्टवर कमिशन नाही, तर मग हा खातो कशात?

मिस्त्री एका पंपाचा बेरिंग घासलेटात धूत होता. मान वर न करता त्याने विचारलं, “काय होते?”

“ब्रेक लागत नाई.”

“कवा?”

“कवा म्हंजे? लावला का.”

“जाताना का येताना?”

काकाजी भडकले. “ब्रेकले जाणं-येणं समजते काय? मास्टर सिलिंडर बदलला, कॅलिपर बदलले, पाइप बदलले.”

“अन् ब्रेक?”

“ब्रेक तसाच आहे.”

“मंग सांगा ना काकाजी, जाताना का येताना?”

काकाजी विचारात पडले. त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी वही काढली. वहीत तारीख होती, किलोमीटर होते, खर्च होता, मिस्त्रीच्या पान्यांची हालचाल होती. बराच वेळ पानं उलटून ते म्हणाले, “येताना. नेमी येतानाच.”

मिस्त्रीने हात पुसले. गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून आत एकदा पाहिलं, आणि पोराला हाक मारली. “पोट्ट्या, जॅक आन. मांगून लाव.”

“ब्रेकचा पेडल समोर आहे,” काकाजी म्हणाले.

“हाव.”

“मंग मांगून काहून उचलता?”

“तुमी बसा ना आत.”

काकाजी बसले. पोराने जॅकचा दांडा हाणायला सुरुवात केली. गाडीची मागची बाजू हळूहळू उचलत गेली, नाक खाली आलं, आणि निंबाखालच्या सपाट जागेवर यवतमाळ-बाभुळगावचा उतार तयार झाला. मग सीटखालून गडगड असा आवाज आला. पन्नीत गुंडाळलेलं काहीतरी गोल, कुरकुरत, काकाजींच्या दोन्ही पायांमधून अगदी सरावल्यासारखं पुढे गेलं आणि पेडलच्या मागे जाऊन बसलं.

“दाबा,” मिस्त्री म्हणाला.

काकाजींनी दाबलं. पेडल अर्ध्यात टणक.

“हेच?”

“हेच!”

जॅक खाली केला. ते गोल काहीतरी निमूटपणे सीटखाली परत गेलं. दाबा. ब्रेक एकदम सरळ. पुन्हा उचला. टणक. तिसऱ्यांदा उचलायला काकाजींनीच सांगितलं. एवढा खर्च करून जे दिसलं नव्हतं ते फुकटात दिसत होतं, तर नीट पाहून घ्यावं, असा विचार असावा. शेवटी मिस्त्रीने आत हात घालून तो काढला. जुना ऑइल फिल्टर होता. चुंगडीच्या शिवणीला खाली हातभर भोक होतं. तिथून तो बाहेर पडला होता आणि तेव्हापासून गाडीत स्वतंत्रपणे राहत होता. चढाला मागे, उताराला पुढे.

मला वाटलं, आता काकाजी ओशाळतील. मी अजून त्यांना पुरता ओळखत नव्हतो. त्यांनी फिल्टरकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “हे त्या फिल्टरचोराचं काम. मुद्दाम ठेवला त्यानं, मले मारासाठी.”

मिस्त्रीने फिल्टर भंगाराच्या ड्रममध्ये भिरकावला आणि ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण उघडलं. ऑइल काळं झालं होतं. तेवढं बदला, म्हणाला, दुकानातून सीलबंद बाटली आणा. काकाजींनी आणली, आणि सील त्यांच्यासमोर फोडलं गेलं. पोरगा आत बसून पेडल दाबे, सोडे. मिस्त्री चाकाशी वाकून हवा काढे. अर्ध्या तासात काम झालं.

“किती झाले?”

“काई नाई. चाय पाजा.”

काकाजींचा चेहरा पडला. दोन हजार सांगितले असते तर ते भांडले असते आणि सुखाने झोपले असते. “काई नाई म्हंजे? कायले नाई?”

“काई बिघडलंच नोतं तं पैसे कायचे घेऊ?”

“तसं लिहून द्या मंग,” काकाजी म्हणाले. मिस्त्रीने चिठ्ठीवर लिहिलं: ब्रेक चांगला आहे. खाली सही. काकाजींनी तारीख घालायला लावली.

पण लिहिलेल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हताच. त्यांनी मिस्त्रीला गाडीत बसायला लावलं; चक्कर मारू, म्हणाले. मी मागे बसलो. आधी मिस्त्रीने चालवली. तो चाळिशीने, गिअरमध्ये, वळणाआधी वेग उतरवून, बैलगाडी दिसली की लांबूनच थांबत चालवत होता, आणि काकाजी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसले होते. दुसऱ्याच्या हाती गाडी म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. “सावकाश,” ते म्हणत होते, “अहो, सावकाश.” मग काकाजींनी स्टिअरिंग घेतलं. पहिल्या ट्रकपर्यंत मिस्त्री गप्प होता. दुसरा ट्रक गेल्यावर त्याने सीटची कड धरली. मग एक कुत्रं आलं, त्यावर काकाजींचा भरवसा होता. कुत्र्याने तो थोडक्यात राखला. तेव्हा मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाला, “काकाजी, अठीच थांबवा.”

गाडी जागच्या जागी थांबली. ब्रेक उत्तम होता.

“काय झालं? आवाज येऊन राह्यला काय?”

“नाई. मी जातो पैदल.”

“दोन किलोमीटर आहे!”

“पाय मोकये होते.” त्याने दार हळूच लावलं आणि खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. “सर, तुमी येता?”

मी उतरलो. वाटेत आम्ही फार बोललो नाही. बऱ्याच अंतरावर गेल्यावर मिस्त्री एवढंच म्हणाला, “ब्रेक म्या तपासला. मले मालूम आहे थो किती चांगला आहे. अन् किती नाई, थेबी मालूम आहे.”

आम्ही निंबाखाली पोहोचलो तेव्हा काकाजी आमच्या आधी येऊन ड्रमापाशी उभे होते. त्यांच्या दृष्टीने एक काम राहिलं होतं.

“मिस्त्री, जुना माल?”

मिस्त्रीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग ड्रममध्ये हात घालून फिल्टर काढला, हातोडी आणि छिन्नीने त्याला आरपार भोक पाडलं, भोकातून बंधनाची तार ओवली आणि डिक्की उघडून तो स्टेपनीला आवळून बांधून टाकला. चुंगडी त्याच्याच शेजारी टाकली, शिवणही बांधली. काकाजी हे सगळं डोळ्यांत तेल घालून पाहत होते. तार पिळून झाल्यावर ते वाकले, खिशातून चश्मा काढून लावला आणि फिल्टरवरची पन्नी बाजूला सारली. खाली, तेलकट पत्र्यावर, नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका होता.

“हाव, माहाच आहे,” काकाजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, “मानूस इमानदार दिसते बाप्पा. बदलवला नाई.”